रिपोर्टात नसलेलं देणं

"तुमचं सिबिल बसत नाही."

नारायणगावातल्या एका बँकेच्या शाखेत साहेबांनी माझा पॅन नंबर टाकला, स्क्रीनकडे पाहिलं आणि स्क्रीन माझ्याकडे न वळवताच हे वाक्य उच्चारलं. मला आणि धाकट्या भावाला मिळून एक जुनी पिकअप घ्यायची होती. संध्याकाळी गावातला भाजीपाला भरायचा, रात्रीतून वाशीला पोचवायचा आणि सकाळी परत यायचं, इतका साधा बेत होता. माझ्याकडे चाकणच्या कंपनीतली पगाराची स्लिप होती, भावाकडे लायसन होतं, डाउन पेमेंटचे पैसेही जमले होते. अडला तो एक आकडा. 612.

बाहेर आल्यावर भावाने गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत विचारलं, "दादा, तू कुणाचं बुडवलंयस?"

"कुणाचंच नाही," मी म्हणालो.

ते उत्तर चुकीचं होतं. पण बँकेला जे वाटत होतं, त्या कारणाने नव्हे. पुढचे चार महिने मला हे समजायला लागले, म्हणून हे लिहितोय.

*

'पत' हा आपला फार जुना शब्द. बाजारात अमक्याची पत आहे म्हणजे त्याच्या शब्दावर माल मिळतो. त्याच्या शेजारी दुसरा शब्द उभा असतो, ऐपत. ऐपत म्हणजे खिशात किती आहे ते. पत म्हणजे खिसा रिकामा असतानाही लोक किती भरवसा ठेवतील ते. आमच्या जुन्नरला पतीचा व्यवहार काही नवा नाही. इथल्या लेण्यांमधल्या साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांसारांच्या श्रेणीकडे धर्मादाय ठेव ठेवल्याच्या नोंदी आहेत. बुरूड आणि कांसार त्या ठेवीचं उत्पन्न नेमाने देत राहतील, असा भरवसा कुणीतरी ठेवला आणि तो दगडात कोरून ठेवला.

आता तो भरवसा 300 ते 900 मधल्या एका आकड्यात येतो. हप्ते वेळेवर भरले का, क्रेडिट कार्डाची मर्यादा किती वापरली, अलीकडे किती ठिकाणी कर्ज मागितलं, जुनं खातं किती जुनं आहे, यावरून तो निघतो. देशात हे काम करणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. गावात मात्र चौघींना मिळून एकच नाव, सिबिल. 2025 च्या फेब्रुवारीत मूर्तिजापूरची बातमी अनेकांनी वाचली असेल. मुलाचं सिबिल खराब निघालं म्हणून ठरत आलेलं लग्न मोडलं. आकडा बँकेतून निघून मांडवापर्यंत पोचला.

या आकड्यामागे एक लांबलचक रिपोर्ट असतो. चारही कंपन्यांकडून प्रत्येकी वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. नारायणगावच्या एसटी स्टँडवर बसून मी तो मोबाइलवर उतरवला. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन असतात, मागच्या 36 महिन्यांपर्यंतचे. हप्ता वेळेवर आला तर शून्यं, उशीर झाला तर किती दिवस झाला त्याचा आकडा. चौकोनात 'का' लिहायला जागा नसते.

*

माझ्या रिपोर्टात दोन डाग होते.

पहिला माझा होता. 2018 साली मी मोटरसायकल घेतली होती. 2020 च्या लॉकडाउनमध्ये काम गेलं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्त्यांना सवलत दिली होती, पण मला काम लागलं डिसेंबरात. मग फोन सुरू झाले. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर करू नयेत, हा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट आदेश 2022 चा. त्याआधी तर रात्री जेवताना फोन वाजला की आई घास खाली ठेवायची. शेवटी 31 हजार बाकी असताना कंपनी 19 हजारांवर तयार झाली. मी भरले, पत्र घेतलं आणि सुटलो असं समजलो. रिपोर्टात त्या खात्यापुढे 'सेटल्ड' असं होतं. मला वाटायचं सेटल्ड म्हणजे मिटलं. बँका त्याचा अर्थ लावतात, 'पूर्ण दिलं नाही'. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे 'क्लोज्ड' असतं.

दुसरा डाग माझा नव्हता. 2017 मधलं ट्रॅक्टरचं कर्ज, एका वित्त संस्थेचं, 1,87,000 थकीत, पुढे 'रिटन ऑफ'. आमच्या घरात आजवर ट्रॅक्टर आलेला नाही. पण आमच्या भागात एका आडनावाची शंभर घरं असतात आणि नावांची नेहमीच टंचाई. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि तालुका जुळणारा आणखी कुणीतरी असणार. पॅन वेगळा होता, तरी त्याचा ट्रॅक्टर माझ्या दारात येऊन उभा राहिला होता.

मी ऑनलाइन तक्रार टाकली. तेव्हा ही यंत्रणा कशी चालते ते कळलं. रिपोर्ट ठेवणारी कंपनी स्वतः नोंद बदलत नाही. ज्या संस्थेने ती नोंद पाठवली, तिलाच विचारते की ही बरोबर आहे का. म्हणजे ज्याच्याकडून चूक झाली असेल त्यालाच आधी विचारायचं, बाबा, तुझी चूक झालीय का? चोवीस दिवसांनी उत्तर आलं: माहिती बरोबर असल्याचं संस्थेने कळवलं आहे.

तो एका ओळीचा मेसेज वाचताना जो संताप आला, तो पैशांचा नव्हता. आपल्याबद्दल कुणीतरी काहीतरी लिहिलंय, ते खोटं आहे, आणि ते लिहिणाऱ्याचं तोंडसुद्धा आपल्याला दिसत नाही, याचा होता.

*

हा संताप आमच्या जिल्ह्याला ओळखीचा आहे. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आता बारामतीत आहे. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. शाळेत आपण 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन ओळी शिकतो आणि पुढे जातो. पण त्या दंग्यांची एक गोष्ट विलक्षण आहे. लोकांना मुख्यतः हवे होते ते कागद. सावकाराने कर्जरोखे आणि हिशेबाचे कागद काढून दिले, तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. कागदांची होळी झाली.

नंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी खास कायदा केला. दख्खनचा शेतकरी कर्जनिवारण कायदा. नावावरून वाटतं की त्याने कर्ज माफ केलं असेल. तसं नाही. त्याने कोर्टाला रोख्याच्या मागे जायची मुभा दिली. कागदावर शंभर लिहिलेत म्हणून शंभर धरायचे नाहीत, व्यवहार पहिल्यापासून उलगडायचा, प्रत्यक्षात किती दिले आणि किती फेडले ते पाहायचं. आणि सावकारावर तीन साधी बंधनं घातली. पैसे मिळाले की पावती द्यायची. वर्षाला हिशेबाचा उतारा द्यायचा. कुळाने मागितलं तर पासबुकात हिशेब मांडून द्यायचा.

म्हणजे कर्ज घेणाऱ्याचं देणं असतं, तसं नोंद ठेवणाऱ्याचंही एक देणं असतं. तो खऱ्या नोंदीचा देणेकरी असतो. ज्याच्या हाती वही आहे, त्याने ती उघडून दाखवली पाहिजे, विचारलं तर उत्तर दिलं पाहिजे आणि चुकलं तर खोडून नीट लिहिलं पाहिजे.

आजच्या नियमांतही हेच तत्त्व हळूहळू उतरतंय. 26 एप्रिल 2024 पासून, तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते. मी दुसरी तक्रार पॅनची प्रत जोडून केली आणि संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला वेगळं पत्र लिहिलं: ज्या करारावर माझी सही आहे असं तुम्ही म्हणता, त्याची प्रत पाठवा. प्रत आली नाही. सत्तेचाळिसाव्या दिवशी ट्रॅक्टर माझ्या रिपोर्टातून निघून गेला आणि सतरा दिवसांच्या उशिराचे 1,700 रुपये खात्यात आले. माफीचा शब्द नव्हता, पण नोंद खरी झाली. आकडा सातशेच्या वर गेला.

*

मधल्या काळात एक एजंट भेटला होता. 'सिबिल क्लिअर करून मिळेल' असे बोर्ड हल्ली रस्त्यालगत दिसतात, त्यांतलाच एक. पाच हजार मागत होता. म्हणाला, "ट्रॅक्टरच कशाला, मोटरसायकलवरपण तक्रार टाकू. हे कर्ज माझं नाहीच, असं लिहायचं. लागला तर मटका."

दोन दिवस मी विचार केला, हे कबूल करतो. मोह पैशांचा नव्हता, सूड घेण्याचा होता. त्यांनी माझ्याबद्दल खोटं लिहिलं, मग मीही त्यांच्याबद्दल थोडं खोटं लिहिलं तर काय बिघडलं? शेवटी नाही म्हणालो. त्यात भीतीही होती. पण मुख्य कारण असं, की ट्रॅक्टरबद्दलच्या पत्रात मी लिहिलं होतं, 'जे घडलं नाही ते माझ्या नावावर लिहू नका.' तेच पत्र घेऊन, जे घडलं ते घडलंच नाही, असं कसं म्हणणार? 'सेटल्ड' ही नोंद मला आवडत नाही, पण ती खरी आहे. ती कुणी पुसून देतो म्हणाला तर तो फसवतोय. उरलेली रक्कम भरून, संस्था तयार असेल तर तिच्याकडून थकबाकी नसल्याचं पत्र घेऊन ती 'क्लोज्ड' करता येते. नाहीतर वेळेवर हप्ते भरत राहायचं आणि वर्षं जाऊ द्यायची. तिसरा रस्ता नाही.

*

आता तिसरी नोंद. ती रिपोर्टात नव्हती.

आमच्याकडे ट्रॅक्टर कधीच नव्हता, याला काही पुरावा मिळतो का, म्हणून मी आण्णांची, म्हणजे वडिलांची पेटी उपसली होती. आण्णा 2021 मध्ये गेले. पेटीत सातबारे, सोसायटीच्या पावत्या आणि एक छोटी डायरी होती. 2018 च्या टोमॅटोच्या हंगामाचा हिशेब त्यात होता. मल्चिंग पेपर, तार, सुतळी, बांबू, खतं, औषधं. त्या वर्षी भाव पडले आणि माल तोडायची मजुरीही निघाली नाही. शेवटच्या पानावर खताच्या दुकानदाराचं नाव आणि पुढे, 'शेठचे 41,600 राहिले'. खाली काही खोडलेलं नव्हतं, म्हणजे दिलेले नव्हते.

भावाने डायरी पाहिली. "तुझ्या रिपोर्टात आहे का हे?"

"नाही."

"मग झालं तर."

आई म्हणाली, "शेठने कधी मागितलं का? अंत्यविधीला आले होते, तेव्हापण नाही बोलले."

भावाचं म्हणणं कायद्याला धरून होतं. उधारीची वसुली कोर्टातून करायची मुदत साधारण तीन वर्षांची. ती कधीच उलटली होती. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य, म्हणून मुलावर दावा लावता येई, तो जुना नियमही 2005 च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने काढून टाकला. वारसाची जबाबदारी, वारशात आलं तेवढ्यापुरतीच. खताचं दुकान म्हणजे बँक नव्हे, ते सिबिलला काही कळवत नाही. शिवाय भाऊ म्हणाला ती आणखी एक गोष्ट खरी होती: उधारीचा भाव रोखीपेक्षा चढाच असतो. चार जण बुडवणार हे दुकानदार धरूनच चालतो. त्याचं त्याने आधीच वसूल केलेलं असतं.

पण कायद्याचा एक बारकावा मला बरेच दिवस सोडेना. मुदत संपली की कोर्टाचं दार बंद होतं, कर्ज मरत नाही. आपल्याकडच्या 1872 च्या करार कायद्यात तर अशी सोय आहे, की मुदत उलटलेलं कर्ज फेडायचं वचन कुणी लेखी सही करून दिलं, तर ते वचन बंधनकारक ठरतं. दार उघडायची कडी देणेकऱ्याच्या बाजूला आहे. कायदा म्हणतो, आम्ही जबरदस्ती करणार नाही. तू देणं लागत नाहीस, असं मात्र तो म्हणत नाही.

देणं संपवण्याचा हक्क कुणाचा? तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळात स्वतः मोडल्यावर त्यांनी लोकांकडच्या येण्याचे कागद भावाशी वाटून घेतले आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत बुडवले, असं परंपरा सांगते. देहू आमच्यापासून फार लांब नाही. त्या गोष्टीत आपण नदी लक्षात ठेवतो. कागद कुणी बुडवले हे विसरतो. ते येणेकऱ्याने बुडवले. ज्याचं येणं आहे तो सोडू शकतो. मोटरसायकलवाल्या कंपनीने 12 हजार सोडले, आपला फायदा पाहून का होईना, सहीनिशी सोडले. शेठने काहीच सोडलं नव्हतं. ते फक्त गप्प होते, आणि त्यांच्या गप्प राहण्याला मी माफी समजावं असं घरातल्या सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं.

उधारीचा भाव चढा असतो, यालाही मला उत्तर सापडलं. चढ्या भावात शेठने धरला होता तो, आम्हाला न जमण्याचा धोका. जमत असूनही न देण्याचा नव्हे. 2018 मध्ये आण्णांना जमलं नाही. त्यात पाप नव्हतं. ज्याला खरोखर जमत नाही, त्याने हप्त्यापायी जीव जाळू नये, फोनवर कुणी चोर म्हटलं म्हणून स्वतःला चोर समजू नये. पीक गेलं, काम गेलं, माणूस आजारी पडला, तर देणं थांबतं आणि थांबलेलं देणं गुन्हा नसतो. पण 2024 मध्ये माझ्याकडे पिकअपच्या डाउन पेमेंटचे पैसे होते. आता 'जमत नाही' असं म्हटलं असतं, तर ती माझी खोटी नोंद झाली असती.

न जमणं आणि न देणं, यांतला फरक स्कोअरला कळत नाही. त्याच्या चौकोनात दोन्हींचा आकडा सारखाच पडतो. म्हणून त्या फरकाचा हिशेब ठेवायचं काम आपल्याकडे उरतं. दुसरं कोण ठेवणार?

*

दुकान आता शेठचा मुलगा बघतो. बिलं कॉम्प्युटरवर निघतात. शेठ आतल्या खुर्चीत बसलेले असतात. मी आण्णांचं नाव सांगितलं.

"बस जरा," म्हणाले आणि पोऱ्याला पोटमाळ्यावर पाठवलं. लाल कापडी पुठ्ठ्याची 2018 ची वही आली. त्यांनी पान काढून माझ्यासमोर फिरवलं. बाकी 46,350.

माझ्या डायरीत 41,600 होते. फरक 4,750. तीन महिने खोट्या नोंदीशी भांडून आलेला माणूस मी. चटकन तोंडातून निघालं, "शेठ, हा आकडा चुकलाय."

ते रागावले नाहीत. "वाच ना," म्हणाले.

ओळीने तारखा होत्या, माल होता, पुढे नेणाऱ्याची सही होती. बहुतेक सह्या आण्णांच्या. शेवटच्या आठवड्यातल्या दोन नोंदींपुढे वेगळी सही होती. दोन्ही वेळा करप्याचं औषध. सही माझी होती. सुट्टीवर आलेलो असताना नव्या मोटरसायकलवर बसून मीच ते घेऊन गेलो होतो, आण्णांना आकडा सांगायचा राहिला असणार, आणि मी सगळं साफ विसरलो होतो.

मला त्या क्षणी ट्रॅक्टरवाल्या संस्थेची आठवण झाली. तिथे वही खोटी होती आणि मी खरा. इथे वही खरी होती आणि मी चुकलेला. फरक एवढाच, की इथे वही समोर होती आणि लिहिणाराही समोर होता. मी शंका घेतली, त्यांनी पान फिरवलं. मिनिटभरात वाद मिटला.

"व्याज किती धरायचं?" मी विचारलं.

"व्याज धरलं असतं तर तू आलाच नसतास," शेठ म्हणाले.

महिन्याला तीन हजार ठरले. पहिला हप्ता मी तिथेच दिला, त्यात त्या भरपाईचे 1,700 होते. या हप्त्यांनी माझा स्कोअर एका गुणानेही वाढणार नाही. पंधरावा हप्ता दिला, की उरतील 1,350, आणि त्यानंतर ही गोष्ट जगातल्या कुठल्याही रिपोर्टात नसेल. पिकअपचं कर्ज पुढे मंजूर झालं, ते या हप्त्यांमुळे नव्हे. भाऊ अजून म्हणतो की मी पैसे फुकट घालवतोय. त्याला पटवायचा प्रयत्न मी सोडून दिलाय. त्या दिवशी बँकेबाहेर प्रश्न त्यानेच विचारला होता, एवढंच मला आठवतं.

निघताना शेठने मुलाला हाक मारली. "पावती दे त्याला."

मुलगा म्हणाला, "जुनं खातं आहे, बाबा. सिस्टिममध्ये नाहीये."

"मग हाताने लिही."

त्याने पावतीपुस्तक शोधलं, पेन शोधलं, तारीख टाकली आणि आण्णांच्या नावाने तीन हजार लिहून पावती फाडून दिली. ती मी त्याच डायरीत, शेवटच्या पानाशी ठेवली आहे.